पिन एक झाली, वायर कधी टिकणार?



गणेशोत्सव, दिवाळी, मराठी शाळा आणि भारताच्या तिकिटांचे चढे भाव हे आपले नेहमीचे विषय. या वेळी मात्र आम्ही एक अगदी घरगुती विषय घेतला आहे, तो म्हणजे फोनची चार्जिंग वायर. विषय वाचून काही जणांना हसू येईल. पण गेल्या काही वर्षांत ब्रसेल्स, रियाध, दिल्ली आणि लंडन अशा चार ठिकाणच्या सरकारांनी या हातभर वायरीवर विचार केला आहे, काहींनी कायदे केले आहेत. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आजही एक खण असा आहे, ज्यात जुन्या वायरींचा गुंता पडून असतो आणि नेमकी हवी ती वायर कधीच सापडत नाही.

हा विषय परदेशात राहणाऱ्या कुटुंबांना जरा जास्तच जवळचा आहे. आपले आईवडील पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात, आपण इथे, आणि मधला दुवा म्हणजे फोन. तिकडे फोनचे सॉकेट ढिले झाले की रविवारचा व्हिडिओ कॉल बंद पडतो, बँकेचा ओटीपी अडतो आणि गॅस सिलिंडरचे बुकिंगही राहते. म्हणून वायर कोणत्या आकाराची, ती किती टिकते आणि तुटली तर खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न दिसतात तेवढे किरकोळ नाहीत.

बारीक पिनपासून टाइप-सी पर्यंत

ज्यांनी पहिला मोबाइल २००० च्या आसपास घेतला त्यांना आठवत असेल, नोकियाची आधी जाड गोल पिन होती आणि नंतर बारीक पिन आली. पाहुणे घरी आले की पहिला प्रश्न असायचा, "बारीक पिनचा चार्जर आहे का?" सोनी एरिक्सन, सॅमसंग, मोटोरोला, प्रत्येकाची पिन वेगळी. त्या काळात युरोपात तीसहून अधिक प्रकारचे चार्जर वापरात होते, असे युरोपियन कमिशनचे म्हणणे होते.

यात पहिले ठोस पाऊल चीनने टाकले. २००६ च्या अखेरीस तिथे चार्जरसाठी मानक जाहीर झाले, त्यात चार्जरच्या बाजूचे टोक यूएसबी असावे असे ठरले. मग २००९ मध्ये युरोपियन कमिशनच्या पुढाकाराने मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो-यूएसबी स्वीकारण्याच्या करारावर सह्या केल्या. हा करार ऐच्छिक होता. ॲपलने आधी आपली ३० पिनांची रुंद पट्टी ठेवली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लायटनिंग आणले. करारात पळवाट होती. फोनची पिन वेगळी असली तरी वर एक ॲडॅप्टर मिळाला की भागत होते. २०१४ मध्ये करार संपला आणि घरोघरी दोन जाती उरल्या, "आयफोनची वायर" आणि "बाकीच्यांची वायर".

त्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, यूएसबी टाइप-सी चा आराखडा पूर्ण झाला. उलटसुलट कशीही घातली तरी बसणारी, चोवीस संपर्कबिंदू असलेली ही पिन पुढे सगळ्यांची होणार हे तंत्रज्ञांना दिसत होते. कंपन्यांना मात्र घाई नव्हती.

युरोपचा कायदा नेमका काय सांगतो

ऐच्छिक कराराने काम भागत नाही हे पाहून कमिशनने सप्टेंबर २०२१ मध्ये कायद्याचा मसुदा आणला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपियन पार्लमेंटने तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, कीबोर्ड, ई-रीडर अशा वस्तूंवर तो लागू झाला, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

कायद्यात मुख्य गोष्टी चार आहेत. वायरने चार्ज होणाऱ्या वस्तूला टाइप-सी सॉकेट हवे. जलद चार्जिंग असेल तर त्यात पॉवर डिलिव्हरी ही समाईक पद्धतही चालली पाहिजे, म्हणजे एका कंपनीचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला मुद्दाम हळू चार्ज करणार नाही. ग्राहकाला चार्जरशिवाय वस्तू विकत घेण्याचा पर्याय हवा. आणि खोक्यावर चार्जर आत आहे की नाही व किती वॅट लागतात हे चित्राने दाखवले पाहिजे.

या मागचे गणितही कमिशनने मांडले होते. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरमुळे युरोपात वर्षाला सुमारे ११ हजार टन कचरा होतो, आणि या कायद्याने ग्राहकांचे वर्षाला सुमारे २५ कोटी युरो वाचतील. जगाच्या कचऱ्यापुढे हा आकडा लहान आहे. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. पण लहान म्हणून सोडून द्यावा असाही तो नाही, कारण त्याच अहवालानुसार त्या कचऱ्यापैकी जेमतेम २२ टक्के नोंदणीकृत पद्धतीने गोळा होऊन पुनर्वापरात जातो.

ॲपलचा आक्षेप होता की सरकारने पिन ठरवून दिली तर नवे संशोधन खुंटेल. हा आक्षेप अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००९ मध्येच मायक्रो-यूएसबी कायद्याने सक्तीची झाली असती, तर टाइप-सी यायला कदाचित आणखी वेळ लागला असता. नव्या कायद्यात मात्र तंत्रज्ञान बदलले तर नियम बदलण्याची सोय ठेवली आहे. शिवाय एक जुनी गोष्टही लक्षात घ्यायला हवी. लायटनिंग २०१२ मध्ये आले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ येईपर्यंत फोनवर तेच राहिले. अकरा वर्षे एकच पिन ठेवणाऱ्या कंपनीने बदल अडेल अशी तक्रार करावी, यात थोडी गंमत आहेच.

ब्रिटन मध्येच, भारत आणि आखात आपल्या वाटेने

आता आपल्या घरचे. ब्रेक्झिटमुळे हा कायदा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र विंडसर फ्रेमवर्कमुळे लागू आहे. म्हणजे एकाच देशात बेलफास्टच्या दुकानाला एक नियम आणि बर्मिंगहॅमच्या दुकानाला दुसरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने हाच नियम इथेही असावा का याबद्दल उद्योग आणि ग्राहकांकडून मते मागवली. व्यवहारात कोणतीही मोठी कंपनी फक्त ब्रिटनसाठी वेगळ्या पिनचा फोन बनवणार नाही. त्यामुळे पिन आपोआप बदलली. पण कायद्याचे बाकीचे फायदे, म्हणजे खोक्यावरची माहिती आणि चार्जरशिवाय घेण्याचा हक्क, हे आपोआप येतीलच असे नाही. आपल्याला वस्तू युरोपची मिळते, हक्क मात्र युरोपचा नाही, अशी ही अवस्था आहे.

भारतात बीआयएस या मानक संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी चे भारतीय मानक प्रसिद्ध केले. तिथल्या ग्राहक व्यवहार खात्याने त्याआधी उद्योगांशी बैठका घेतल्या होत्या. त्यात साध्या बटणांच्या फोनचाही प्रश्न आला, कारण स्वस्त फोनची किंमत थोडी वाढली तरी खेड्यातल्या ग्राहकाला ती जाणवते. सौदी अरेबियाने १ जानेवारी २०२५ पासून फोन व इतर वस्तूंसाठी टाइप-सी सक्तीचे केले. म्हणजे लंडन, दुबई, रियाध आणि पुणे असे विखुरलेले एखादे मराठी कुटुंब एकत्र जमले, तर आता पहिल्यांदाच सगळ्यांचे नवे फोन एकाच वायरीवर चार्ज होऊ शकतील. ही छोटी गोष्ट नाही.

आकार एक, पोटात फरक

पण इथेच एक नवी अडचण सुरू होते. पूर्वी वायर बसली नाही तर ती चालणार नाही हे डोळ्यांना दिसत होते. आता प्रत्येक वायर बसते, पण प्रत्येक वायर सारखे काम करत नाही.

टाइप-सी ची साधी वायर ३ ॲम्पिअरपर्यंत वीज नेते, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट. त्यापेक्षा जास्त, ५ ॲम्पिअर न्यायचे असतील तर वायरीच्या टोकात एक छोटी चिप असावी लागते. "मी एवढा भार पेलू शकते" असे ती चार्जरला सांगते. अशा वायरी २४० वॅटपर्यंत जातात. चिप नसलेली वायर लॅपटॉपला लावली तर काही जळत नाही, फक्त चार्जिंग हळू होते आणि दोष फोनचा की चार्जरचा हे आपल्याला कळत नाही. शिवाय माहिती नेण्याचा वेग वेगळाच. एखादी वायर भरपूर वॅट नेईल, पण फोटो मात्र जुन्या यूएसबी २ च्या गतीने पाठवेल.

सुरुवातीच्या काळात याहून गंभीर प्रकार झाले. एका बाजूला जुने चपटे टोक आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी अशी वायर असते, तिच्यात ५६ किलो-ओहमचा एक रेझिस्टर असावा लागतो. त्यामुळे जुन्या चार्जरकडून झेपेल तेवढीच वीज फोन मागतो. २०१५ मध्ये अनेक स्वस्त वायरींत चुकीचा रेझिस्टर होता. गुगलमधील इंजिनिअर बेन्सन लिअँग यांनी ऑनलाइन मिळणाऱ्या वायरी एकेक करून तपासायला घेतल्या, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये उलटी जोडणी असलेल्या एका वायरीने त्यांचा लॅपटॉपच जळाला. त्यानंतर ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी वायरी विकायला बंदी केली. एका माणसाच्या चिकाटीने जे झाले ते खरे तर तपासणी यंत्रणेचे काम होते.

तांब्याच्या जाडीचाही मुद्दा आहे. दोन मीटरच्या वायरीत वीज जाते आणि परतही येते, म्हणजे चार मीटर तांबे झाले. आत २८ गेजची बारीक तार असेल तर २ ॲम्पिअरला ५ पैकी जवळजवळ १.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २४ गेजची जाड तार असेल तर सुमारे ०.७ व्होल्ट. लांब आणि स्वस्त वायर घेतली की फोन रात्रभर लावूनही का भरत नाही, याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. गेजचा आकडा लहान म्हणजे तार जाड, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. आणि तो आकडा खोक्यावर छापलेला क्वचितच सापडतो.

वायर तुटते कुठे?

वायर बहुतेक वेळा मधे तुटत नाही. ती टोकापाशी तुटते, जिथे लवचिक वायर कडक प्लगमध्ये शिरते. आतले तांब्याचे केसासारखे धागे एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकले की कडक होतात आणि एकेक करून तुटतात. उरलेल्या थोड्या धाग्यांतून सगळी वीज जाऊ लागली की ती जागा गरम होते. म्हणून टोकापाशी गरम लागणारी वायर टाकून द्यायची, चिकटपट्टी लावून चालवायची नाही.

यावरचा उपाय शंभर वर्षे जुना आहे. इस्त्रीच्या वायरीला टोकापाशी ते लांब रबरी नळकांडे असते ना, तेच. वाक एका बिंदूवर न पडता हळूहळू पसरला पाहिजे. फोनच्या वायरीत हे नळकांडे सडपातळ दिसण्याच्या हौसेपायी आखूड होत गेले. हल्ली नायलॉनच्या विणीची वायर दिली जाते. तिचे वरचे आवरण चिरत नाही हे खरे, पण टोकाचा आधार कच्चा असेल तर वीण शाबूत राहते आणि आतले तांबे तुटलेले असते. तेव्हा वायर निवडताना विणीपेक्षा टोक पाहावे.

आपल्या सवयीही कारणीभूत आहेत. वायरीला धरून ओढणे, फोन चार्जिंगला लावून पोटावर उभा ठेवून मालिका पाहणे, चार्जरभोवती वायर करकचून गुंडाळणे. सैल वेटोळे करून ठेवले तर तीच वायर दुप्पट काळ साथ देते, असे आमच्यातले इलेक्ट्रिकल क्षेत्रातले सभासद नेहमी सांगतात.

झीज कोणाच्या पदरात?

आता या सगळ्यातला आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. प्लग आणि सॉकेट एकमेकांवर घासतात तेव्हा काहीतरी झिजणारच. ते काय झिजावे, हे आराखडा करणारा ठरवतो.

जुन्या मिनी-यूएसबीचा आराखडा ५ हजार वेळा घालण्या-काढण्यासाठी होता. २००७ मध्ये मायक्रो-यूएसबी आली तेव्हा तो आकडा १० हजार झाला, आणि झिजणारी स्प्रिंग व खालचे आकडे मुद्दाम प्लगमध्ये, म्हणजे वायरीत ठेवले. कल्पना शहाणपणाची होती. झिजायचेच असेल तर दोन पौंडांची वायर झिजू दे, दोनशेचा फोन नको. प्रत्यक्षात मायक्रो-यूएसबी बदनाम झाली ती वेगळ्या कारणाने. ती एकाच बाजूने बसत असे, घाईत आणि अंधारात लोक उलटी दाबत, आणि सॉकेट निखळत असे.

टाइप-सी मध्येही १० हजारांचाच आकडा आहे आणि स्प्रिंगा वायरीच्या बाजूलाच आहेत. दिवसातून तीनदा वायर लावली तरी १० हजार व्हायला नऊ वर्षे लागतात. मग सॉकेट दोन-तीन वर्षांत का बिघडते? कारण आकडा सरळ घालण्या-काढण्याचा आहे, आडव्या दाबाचा नाही. टाइप-सी च्या सॉकेटमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते, ती फोनच्या आत. वायर लावलेला फोन खाली पडला, किंवा कोणाचा पाय वायरीत अडकला, तर ताण त्या जिभेवर आणि तिच्या जोडणीवर येतो. लायटनिंगमध्ये उलट होते, भरीव जीभ वायरीत आणि स्प्रिंगा फोनमध्ये. तिथे जीभ मोडली तरी वायरीची मोडत असे, पण स्प्रिंग ढिली झाली तर फोनची होत असे. दोन्हींत तोटा काहीतरी आहेच.

दुसरा शत्रू म्हणजे खिशातले सुताचे धागे. प्रत्येक वेळी वायर घालताना ते दाबले जाऊन तळाशी त्यांचा थर बसतो, प्लग पूर्ण आत जात नाही आणि लूज कॉन्टॅक्ट होतो. कित्येकदा "सॉकेट गेले" म्हणून दुरुस्तीला निघालेला फोन फक्त साफ करायचा असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने, मधल्या जिभेला धक्का न लावता, हळूच थर काढावा. सुई किंवा टाचणी वापरू नये. दमट हवेत आणि घामाने संपर्कबिंदू काळे पडतात. मुंबईत आणि आखातात राहणाऱ्यांनी ओल्या हाताने वायर लावू नये.

आणि खरेच सॉकेट गेले तर? पुण्या-मुंबईत कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात "चार्जिंग जॅक बदलून" मिळतो, तासाभरात आणि काहीशे रुपयांत. इथे तेच काम मजुरीमुळे महाग पडते, आणि पुष्कळ जण दुरुस्तीऐवजी नवा फोन घेतात. एका मिलिमीटरहून पातळ जिभेपायी अख्खा फोन खणात जातो.

टिकाऊपणाचा कायदा आला आहे का?

काही प्रमाणात आला आहे. २० जून २०२५ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनसाठी इकोडिझाइनचे नियम लागू झाले. बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही निदान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे, आणि महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. त्या भागांच्या यादीत चार्जिंगचे सॉकेटही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कमिशनने चार्जरसाठीही नियम मंजूर केले. २०२८ च्या अखेरपासून यूएसबी चार्जरला किमान एक टाइप-सी सॉकेट आणि वेगळी करता येणारी वायर असावी लागेल. म्हणजे वायर तुटली म्हणून चार्जर फेकायची वेळ येणार नाही.

भारताने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारी पोर्टल सुरू केले. दिशा चांगली आहे. पण वायरीसाठी "किती वेळा वाकवली तर टिकली पाहिजे" असा बंधनकारक आणि खोक्यावर छापलेला आकडा अजून ग्राहकाच्या हातात नाही. बल्ब घेताना तो किती तास चालेल हे वाचता येते, वायर घेताना मात्र फक्त "प्रीमियम" आणि "स्ट्राँग" एवढेच वाचायला मिळते.

स्वस्त आणि नकली

खोक्यातून चार्जर काढून टाकण्याची सुरुवात ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून केली आणि सॅमसंग जानेवारी २०२१ मध्ये त्याच वाटेने गेली. कचरा कमी होतो हे खरे, पण ज्याच्या घरी योग्य चार्जर नाही तो स्वस्तातला शोधतो. इथे धोका आहे. २०१६ मध्ये ब्रिटनच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सने आठ देशांतून ऑनलाइन घेतलेले ४०० नकली ॲपल चार्जर तपासून घेतले. त्यातले फक्त ३ मूलभूत सुरक्षा चाचणीत उतरले. वायर खराब असली तर फोन हळू चार्ज होतो. चार्जर खराब असला तर भिंतीतली २३० व्होल्टची वीज फोनपर्यंत येऊ शकते. म्हणून काटकसर करायचीच असेल तर ती चार्जरमध्ये करू नये.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये वस्तूंच्या सुरक्षेविषयी नवा कायदा संमत झाला. त्यातून ऑनलाइन बाजारपेठांवर जबाबदारी टाकण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तो अधिकार प्रत्यक्षात कसा वापरला जातो, यावर आपल्यासारख्या ग्राहकांचे हित अवलंबून आहे.

आपल्या हातात काय आहे

खरेदी करताना. फोनसाठी ६० वॅटची वायर पुरेशी आहे, लॅपटॉपलाही वापरायची असेल तर २४० वॅटची घ्या. प्रमाणित वायरीवर हा आकडा छापलेला असतो. गरजेपेक्षा लांब वायर घेऊ नका. ब्रिटिश चार्जरच्या पिनांपासून चार्जरच्या कडेपर्यंत किमान ९ मिलिमीटर अंतर हवे. नकली चार्जर इथेच बऱ्याचदा पकडला जातो.

वायर बिघडल्यास. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असे धरले जाते, आणि नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचे असते. "कंपनीला फोन करा" असे दुकानदाराने सांगितले तरी जबाबदारी त्याचीच आहे. दहा पौंडांसाठी कोण भांडणार, असे म्हणून आपण सोडून देतो आणि कच्ची वायर विकणाऱ्याचे फावते. पावती जपून ठेवा.

भारतात जाताना. बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, तसे असेल तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त पिन बदलणारा ॲडॅप्टर पुरतो. पण आईबाबांसाठी इथून चौकोनी पिनांचा चार्जर नेऊन त्यावर ढिला ॲडॅप्टर लावून देण्यापेक्षा भारतीय पिनांचा, बीआयएस नोंदणी क्रमांक असलेला चार्जर तिथेच घेऊन द्यावा. जुना फोन घरच्यांना देणार असाल तर आधी त्याचे सॉकेट साफ करून, ढिले असल्यास बदलून द्या, आणि सोबत एक जादा वायर ठेवा. ज्यांची बोटे थरथरतात किंवा नजर अधू आहे अशा ज्येष्ठांना फोन चालत असेल तर वायरलेस चार्जिंगची तबकडी सोयीची पडते. वीज थोडी जास्त खर्च होते, पण सॉकेट वाचते.

जुन्या वायरींचे काय? ब्रिटनमधील घरांत ६० कोटींहून अधिक न वापरलेल्या वायरी पडून असाव्यात, असा अंदाज "मटेरिअल फोकस" या संस्थेने २०२४ मध्ये मांडला होता. त्यात चांगले तांबे आहे. कचऱ्याच्या डब्यात न टाकता त्या कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्या. मोठ्या दुकानांतही जुनी विद्युत उपकरणे परत घेण्याची सोय असते.

आमचे मत

सगळ्यांची पिन एक व्हावी हे चांगलेच झाले, आणि ते कंपन्यांच्या सदिच्छेने नाही तर कायद्याने झाले हेही नमूद करायला हवे. २००९ ते २०२४ अशी पंधरा वर्षे त्यात गेली. पण आकार एक करणे हे सोपे अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे वायरीवर वॅट, वेग आणि तारेची जाडी स्पष्ट छापणे, टिकाऊपणाची चाचणी सक्तीची करणे आणि फोनचे सॉकेट स्वस्तात बदलता येईल असे बनवणे. ब्रिटनने युरोपचा नियम जसाच्या तसा घ्यावा की आपला वेगळा करावा, यावर इथले राजकारणी वाद घालत राहतील. आपल्या दृष्टीने प्रश्न साधा आहे. बेलफास्टमधल्या कुटुंबाला जो हक्क आहे तो लेस्टर आणि हॅरोमधल्या कुटुंबाला का नसावा? आपल्या भागाच्या खासदारांना हा प्रश्न विचारायला एक ईमेल पुरते.

पुढच्या मासिक भेटीच्या वेळी घरातल्या जुन्या वायरींचा खण रिकामा करून त्या सोबत आणाव्यात, असे आम्ही सुचवतो. चालू असलेल्या वायरी ज्यांना हव्यात त्यांना देऊ, बाकीच्या एकत्र रिसायकलिंगला पाठवू. या विषयावरचे आपले अनुभव आणि मतभेदही आम्हाला जरूर कळवा.

कळावे, लोभ असावा.

– संपादक मंडळ